उतारावर लावलेली गाडी

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," मटारची शेंग फोडत सासूबाई म्हणाल्या, "आणि आपल्याकडे पोलीसच पायरी चढून येतात. तेही चहा प्यायला!"

"आजी, ते आईला सोडायला आले होते," लेक म्हणाली.

"सोडायला आले म्हणजे आधी धरलं असणारच. धरल्याशिवाय कोणी सोडतं का?"

"कोणी धरलं नाही मला," ती म्हणाली. अजून तिने पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"ते तू मला सांगशील, मी ऐकेन. समोरच्या बाईला कोण सांगणार? जीप दारात थांबली तेव्हा ती खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. अजून थोडी आली असती तर पोलिसांना आधी तिलाच उचलावं लागलं असतं रस्त्यावरून."

लेकीला हसू आलं. ते तिने ओढणीत दाबलं, कारण आतल्या खोलीतून वडिलांचा आवाज आला होता. आजारपणापासून उस्तादांचे शब्द सावकाश यायचे, एकेक पायरी उतरल्यासारखे.

"गाडी... कुठंय?"

"चौकीच्या आवारात आहे," ती दारात जाऊन म्हणाली.

"सपाटीला?"

"हो."

"सपाटीला का लावलीस? किती वेळा सांगितलंय!"

"मी नाही लावली. बंद पडली. त्यांनी ढकलत नेली तिथपर्यंत."

"चौकीच्या मागे उतार आहे. मागच्या भिंतीला. तिथं लावून यायचं. आता सकाळी कशी सुरू करशील?"

घरात आल्यापासून तिला कोणी विचारलं नव्हतं की गाडीतली शाळेची मुलं कुठे होती, काय झालं, तू घाबरलीस का. सासूबाईंना समोरची बाई दिसत होती आणि उस्तादांना भिंतीमागचा उतार. ती दारातून मागे फिरली. चपला काढल्या, हातपाय धुतले, टीपॉयवरचे चहाचे कप उचलले. त्यातला एक निम्मा तसाच होता. हवालदारसाहेबांचा.

या घरात उतार या शब्दाला केवढं वजन होतं, ते बाहेरच्या माणसाला सांगून पटलं नसतं. व्हॅनचा सेल्फ स्टार्टर गेला होता. किल्ली फिरवली की 'टक' एवढाच आवाज यायचा, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसा, आणि पुन्हा सगळं थंड. मग एकच उपाय. गाडी उतारावर लावायची, ब्रेक सोडून तिला आपल्या वजनाने घरंगळू द्यायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. एक हिसका बसायचा, इंजिन खोकायचं आणि चालू व्हायचं. एकदा चालू झालं की मग शाळेची मुलं घरोघर पोचेपर्यंत ते बंद करायचं नाही.

वर्षभर तिचं आयुष्य असं उतारा-उताराने चाललं होतं. रात्री गाडी गल्लीच्या वरच्या टोकाला, सुताराच्या दुकानापाशी. पेट्रोल पंपावर सगळ्यात शेवटच्या मशीनला, कारण तिथून रस्त्याकडे थोडी घसरण होती. रांग असली तरी ती मागच्यांना पुढे सोडायची आणि शेवटचं मशीन मोकळं होईपर्यंत थांबायची. लोक तिला भली बाई समजायचे. भाजीसुद्धा ती चढावरच्या बाईकडून घ्यायची. ती भाजी रोज थोडी शिळी असायची आणि रोज सासूबाई विचारायच्या की बाजारात दुसरं कोणी मेलंय का.

गाडीतल्या मुलांना सगळं पाठ होतं. हिसक्याची वेळ आली की सगळी एकदम पुढे झुकायची आणि ओरडायची, "धक्का!" आपण झुकतो म्हणूनच गाडी चालू होते अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा एक मुलगी आजारी पडून दोन दिवस आली नाही, तर परतल्यावर तिने काळजीने विचारलं होतं, "काकू, माझ्याशिवाय झाली का हो चालू?"

सेल्फ बदलणं काही मोठं काम नव्हतं. कोणत्याही गॅरेजमध्ये अर्ध्या दिवसात झालं असतं. पण ही गाडी उस्तादांची होती, आणि उस्तादांच्या गाडीला कधी परका पाना लागला नव्हता.

उस्ताद हे नाव त्यांना विशीतच पडलं. भंगारात निघालेली गाडी घ्यायची, महिनाभर तिच्याखाली पाठीवर पडून राहायचं आणि शेवटी ती चालवत आणून दारात उभी करायची, हा माणसाचा छंद. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तिने नवऱ्याचा चेहरा जेवढा पाहिला त्याहून जास्त त्याचे पाय पाहिले, असं सासूबाईच सांगायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून हे तिचं दुखणं सांगायचे. ही व्हॅनही त्यांनी अशीच उभी केली आणि शाळेच्या मुलांची ने-आण सुरू केली. कडक माणूस. मुलं त्यांच्या गाडीत कुजबुजत बोलायची.

आणि एके दिवशी मोठ्या चौकात दिवा हिरवा झाला तरी ही गाडी हलली नाही.

मागून हॉर्नचा गोंगाट झाला. चौकातले हवालदार शिट्टी फुंकत, तोंडात शिवी तयार ठेवून धावत आले आणि काचेतून आत पाहताच ती शिवी त्यांनी गिळली. उस्तादांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. उजवा हात स्टिअरिंगवरून सुटून मांडीवर पडला होता, पण पाय ब्रेकवर होता. गाडीत मुलं होती. हवालदारांनी चारी बाजूंची वाहतूक थांबवली, उस्तादांना उचलून जीपमध्ये घातलं, मुलांना चौकीत बसवून बिस्किटं दिली आणि दवाखान्यातून तिला फोन केला तो असा: "वहिनी, घाबरू नका. उस्तादांनी आधी ब्रेक दाबला, मग पडले. एकाही पोराला ओरखडा नाही."

डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर आणलं म्हणून माणूस हाती लागला.

माणूस हाती लागला. माणसाचा हात मात्र लागला नाही. पाय सावरला, बोलणं बरंचसं सावरलं, पण उजवा हात तसाच राहिला, दुसऱ्याचा कोणाचा तरी आणून जोडल्यासारखा.

घर तर चालायला हवं होतं. ती गाडी शिकली. शिकवलं उस्तादांनीच, शेजारच्या सीटवर उशीला टेकून. "क्लच हळू. हळू! जीव सोडल्यासारखा... काय सोडतेस!" तिला वाटायचं, यांना लकवा झाला तरी ओरडण्याला काही झालं नाही. पण एका दुपारी तिने चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलली, तेव्हा ते ओरडले नाहीत. नुसतं खिडकीबाहेर बघत राहिले आणि डाव्या हाताने डोळे पुसले. मग ती एकटी चालवायला लागली.

एकटीच्या पहिल्याच दिवशी, त्याच मोठ्या चौकात, गाडी बंद पडली. तेव्हा सेल्फ चांगला होता, तीच घाबरली होती. हवालदार आले, म्हणाले, "वहिनी, सावकाश. तुम्ही निघेपर्यंत दिवा मी लाल ठेवतो." आणि खरंच ठेवला. पुढे सेल्फ गेला, तेव्हापासून चौकात गाडी गचकली की हातातला दंडा कमरेला खोचून ते मागे यायचे आणि ढकलायचे. सोबतीला एक तरुण पोलीसबाई असायची, तीही खांदा लावायची. मुलं मागच्या काचेतून त्यांना हात करायची. शिट्टीकाका म्हणायची. कधी पावती नाही, कधी दटावणं नाही, कधी "नीट करून घ्या" एवढं एक वाक्य नाही.

कारण त्यांना माहीत होतं. तिनेच एकदा सांगितलं होतं, "यांनी सांगितलंय, सेल्फ मीच उघडणार. हात परत येतोय. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"गुपचूप करून घ्या ना," पोलीसबाई म्हणाली होती.

"अगं बाई, त्यांच्या खिडकीखालून गाडी जाते रोज. पहिल्या किल्लीला चालू झाली तर आवाजावरून ओळखतील. नवरा आंधळा असता तर फसवला असता, याचे कान कुठे नेऊ?"

तिघंही हसली होती तेव्हा.

हात परत येत नव्हता. हे फक्त तिला माहीत होतं. मागच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तिला दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं, "जेवढं यायचं तेवढं आलं. आता आहे त्यात भागवायला शिका." घरी येऊन तिने सांगितलं, "व्यायाम चालू ठेवा म्हणाले." हेही ते म्हणाले होतेच. त्यामुळे उस्ताद दिवसभर रबरी चेंडू दाबायचे, आणि दुपारी सगळ्या बायका स्वयंपाकघरात आहेत असं बघून उशाशी ठेवलेला पाना उचलायचे. डाव्या हाताने तो उजव्या हातात ठेवायचा, डाव्या हाताने उजवी बोटं एकेक मिटवायची आणि मग डावा हात अलगद काढून घ्यायचा. स्वयंपाकघरात तिला ती शांतता ऐकू यायची. मग खण्ण. पाना फरशीवर. ती लगेच नळ सोडायची किंवा पातेलं आपटायची, म्हणजे त्यांना वाटावं, कोणी ऐकलं नाही.

असं सगळ्यांनी मिळून सगळं झाकून धरलं होतं. आज दुपारी ते पुलावर उघडं पडलं.

शाळा सुटली होती. गाडीत मुलं, मुलांच्या आरडाओरडीने कान किटलेले. चौकाच्या पुढचा अरुंद पूल, एका वेळी एकच गाडी जाईल असा, आणि तोही चढाचा. मध्ये एक दुचाकी आडवी घुसली, तिने करकचून ब्रेक दाबला, पाय क्लचवरून निसटला, आणि इंजिन गेलं. मुलं सवयीने पुढे झुकली. "धक्का!" काही झालं नाही. पुढे चढ होता. मागे घरंगळावं म्हणून तिने आरशात पाहिलं, तर मागे अॅम्ब्युलन्स.

सायरन वाजत होता. अगदी मागे, काचेला चिकटल्यासारखा. तिने किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. आपण हे का करतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं, तरी हात फिरवतच होता. मुलं गप्प झाली होती. मग सायरन बंद झाला. ड्रायव्हरने स्वतःच बंद केला होता. तो हॉर्न वाजवत नव्हता, शिव्या देत नव्हता. आरशातून तिच्याकडे नुसता बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हवालदार चौकातून धावत आले. वय झालेलं, पोट सुटलेलं, टोपी हातात. पोलीसबाईने दार उघडून मुलांना उतरवलं, एकमेकांचे हात धरायला लावून कठड्याच्या कडेने नेलं. हवालदारांनी मागून खांदा लावला. चढावर गाडी हलेना. त्यांनी शिट्टी फुंकून दुचाकीवाले उतरवले, बसमधले लोक उतरवले, अॅम्ब्युलन्सचा मदतनीससुद्धा आला. सगळ्यांनी मिळून गाडी इंचाइंचाने वर चढवली. ती आत बसून स्टिअरिंग धरून होती. एवढे लोक तिला ढकलत होते आणि तिला करण्यासारखं काही नव्हतं. पूल ओलांडल्यावर गाडी कडेला घेतली, तेव्हा अॅम्ब्युलन्स शेजारून निघून गेली. पडदे ओढलेले होते. आत कोण होतं, पोचलं का वेळेत, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

चौकीत हवालदारांनी तिला पाणी दिलं. पोलीसबाई जीपमधून मुलांना घरोघर सोडायला गेली होती. हवालदार समोर बसले आणि बराच वेळ आपल्या टोपीची कड चोळत राहिले.

"वहिनी, मला वाटत होतं मी तुम्हाला मदत करतोय," ते म्हणाले. "रोज ढकलली. तीच चूक झाली. पहिल्याच दिवशी गाडी अडवून ठेवली असती तर बरं झालं असतं."

"तुमचा काय दोष?"

"त्या दिवशी उस्तादांना घेऊन मी याच पुलावरून गेलो. तेव्हा पूल मोकळा होता." बाहेर मुलांना सोडून जीप परतली, ती त्यांनी खिडकीतून पाहिली. मग उठले. "चला. तुम्हाला घरी सोडतो. उस्तादांशी मी बोलतो. तुम्ही मध्ये पडू नका. बायको बोलली की ते लागतं. पोलीस बोलला तर कायदा म्हणून सोडून देतील."

जीपमध्ये बसल्यावर तिला कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं. कोणीतरी बोलणार होतं. तिला बोलावं लागणार नव्हतं.

पण झालं काय, हवालदार खोलीत शिरले आणि उस्तादांचा चेहरा उजळला. ज्या माणसाने जीव वाचवला तो दारी आलेला. "बसा, बसा!" म्हणत ते डाव्या हातावर जोर देऊन उठून बसले. चेंडू दाखवला. "बघा. दाबतोय. काल... अंगठा हलला. विचारा हिला." हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं. तिने जमिनीकडे. "आता थोड्या दिवसांत सेल्फ उघडतो. मग तुमची... ढकलण्यातून सुटका!"

हवालदार हसले. चहाचा कप उचलला, अर्धा प्यायले, खाली ठेवला. "उस्ताद," ते म्हणाले, आणि ती दारातून एक पाऊल पुढे आली. "उस्ताद, लवकर बरे व्हा."

मग टोपी घालून निघाले. दारात तिच्याजवळ क्षणभर थांबले. "नाही जमलं, वहिनी," हळूच म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले. भला माणूस. सगळे भलेच होते. तेच तर अवघड होतं.

"भल्या घरातली बाई रोज पोलिसांकडून गाडी ढकलून घेते," सासूबाईंचं संपलं नव्हतं. "मी म्हणते, उतार बघून का नाही चालवत?"

"आई, अख्खं गाव उताराचं कुठून आणू मी?" ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "शाळेने सपाटीवर बांधलीय शाळा, त्याला मी काय करू?"

"आता माझ्यावर ओरड."

"आई, अॅम्ब्युलन्सचं खरंय का?" लेकीने हळूच विचारलं. "मैत्रिणीचा भाऊ होता गाडीत. तो म्हणाला, काकूंमुळे अॅम्ब्युलन्स अडकली."

स्वयंपाकघरात क्षणभर फक्त मटारच्या दाण्यांचा ताटलीत पडायचा आवाज होता. मग तोही थांबला.

"कसली अॅम्ब्युलन्स?" आतून उस्तादांनी विचारलं.

ती दारात गेली. "गाडी पुलावर बंद पडली. मागे अॅम्ब्युलन्स होती. लोकांनी ढकलून रस्ता मोकळा केला."

"किती वेळ?"

"बराच."

उस्तादांनी मान वळवली. त्यांची नजर खिडकीकडे होती, रोज सकाळी जिच्याखालून गाडी जायची त्या खिडकीकडे. मग त्यांनी डाव्या हाताने उशाशी चाचपडून पाना उचलला. आज त्यांनी दार लोटलं नाही, कोणी बघतंय का ते पाहिलं नाही. तिघींच्या देखत पाना उजव्या हातात ठेवला, बोटं एकेक मिटवली, अंगठाही वळवून वर ठेवला. हात दोन्ही बाजूंनी नीट बंद झाला, एखादं पाकीट बंद करावं तसा. "आज रात्री करतो सराव," ते म्हणाले. "उद्या दुपारी गाडीखाली जाऊन बघतो. मला फक्त... चटई टाकून दे. लेकीला दिवा धरायला सांग." आणि डावा हात काढून घेतला.

खण्ण.

या वेळी तिने नळ सोडला नाही. पातेलं आपटलं नाही. पाना फरशीवर गोल फिरून पलंगाच्या पायाला लागला आणि थांबला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात शेंग तशीच. वर्षभर त्यांनीही तो आवाज ऐकला असणार, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून आता कळलं.

"आज दमलोय," उस्ताद म्हणाले.

ती वाकली, पाना उचलला, पदराने पुसला आणि त्यांच्या उशाशी ठेवला, जिथे रोज असायचा तिथेच.

"उद्या सकाळी गाडी गॅरेजमध्ये जाणार," ती म्हणाली. "चौकीतून गॅरेजच्या माणसाने ती ओढून न्यायची, तसं हवालदारसाहेबांना सांगून आलेय मी निघताना. सेल्फ तिथला मिस्त्री बदलेल. मुलांच्या घरी उद्या गाडी नाही म्हणून कळवते. तुम्हाला यायचं असेल तर रिक्षाने नेते, शेजारी खुर्ची टाकून बसा, तो चुकला तर त्याला ओरडा. पण पाना त्याच्या हातात असेल."